भिंत किती जाड हवी?

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. दोन्ही कामांत राबावं लागतं ते बायकांनाच; पण घर बांधताना आपलं मत विचारलं जातं ते कशाबद्दल? ओट्याला कडाप्पा की ग्रॅनाइट, फरशी कुठल्या रंगाची आणि देवघर कुठल्या कोपऱ्यात. भिंत किती जाड घ्यायची, हे मात्र घरातले पुरुष आणि कंत्राटदार चहा पिता पिता परस्पर ठरवून मोकळे होतात.

खरं म्हणजे भिंतीशी सगळ्यात जास्त संबंध आपला. पावसाळ्यात ओल आली तर कपाटातल्या साड्या आपल्याच बुरसतात. मांडणी सैल झाली तर डबे आपलेच गडगडतात. पश्चिमेची भिंत तापली तर संध्याकाळच्या स्वयंपाकाला घामाने आपणच भिजतो. आणि भिंतीला कान असतात की नाही, हे शेजारघरचं भांडण ऐकू येतं तेव्हा आपल्यालाच कळतं! म्हणून मैत्रिणींनो, आज जरा या भिंतीबद्दल बोलू. मी काही इंजिनियर नव्हे, बी.ए. झालेली बाई. पण गेल्या काही वर्षांत घरात बांधकाम निघालं, तेव्हा गवंड्यापासून इंजिनियरपर्यंत सगळ्यांना विचारून, वाचून जे समजलं ते सांगते.

भिंतीचं काम काय?

पहिला प्रश्न हाच विचारायचा. कारण भिंती दोन तऱ्हेच्या असतात. एक भार वाहणारी आणि दुसरी नुसती आडोसा करणारी.

जुन्या घरात छपराचं, माळ्याचं, वरच्या मजल्याचं सगळं ओझं भिंतीच्या डोक्यावर असतं. भिंत ते पायापर्यंत नेते आणि पाया जमिनीला देतो. हल्लीच्या बहुतेक इमारतींत मात्र आधी काँक्रीटचे पिलर उभे राहतात, त्यांच्यावर बीम आणि बीमवर स्लॅब. सगळा सांगाडा तयार झाला की मग मधल्या जागा विटांनी किंवा ब्लॉकनी भरतात. तिथे भिंत म्हणजे अंगावरच्या कपड्यासारखी. ऊन, वारा, पाऊस आणि लोकांची नजर अडवायची, एवढंच तिचं काम. शरीर तोलतात ती हाडं, कपडे नव्हेत.

हा फरक किती मोठा आहे पाहा. अमेरिकेत शिकागो शहरात १८९१ साली मोनॅडनॉक नावाची सोळा मजली इमारत विटांच्या भार वाहणाऱ्या भिंतींवर उभी केली. सोळा मजल्यांचं ओझं पेलायचं म्हणून तळमजल्याच्या भिंती तब्बल सहा फूट जाड ठेवाव्या लागल्या. तळमजल्यावर दुकान घेणाऱ्याची जागा भिंतीनेच खाल्ली! त्याच सुमारास लोखंडी सांगाड्याच्या इमारती तिथे उभ्या राहू लागल्या होत्या आणि मग जाड भिंतींचं ते युग मागे पडलं. आज आपल्या कोल्हापुरातल्या सात मजली अपार्टमेंटची भिंत सहा किंवा नऊ इंचांत भागते, ती याच युक्तीमुळे.

आजीच्या घरची दोन फुटी भिंत

मग जुन्या लोकांनी एवढ्या जाड भिंती हौसेने बांधल्या का? हौसेने नव्हे. माती, दगड, चुना एवढाच माल हाताशी होता आणि त्या मालाला जाडी लागतेच.

मातीची भिंत दाबाला चांगली टिकते, पण वाकवायला गेलं की तुटते. म्हणून ती बुटकी आणि जाड असावी लागते. भूकंपाचा विचार करून मातीच्या घरांसाठी जे भारतीय मानक आहे, त्यात भिंतीची उंची जाडीच्या आठ पटींपेक्षा जास्त नसावी असं सांगितलं आहे. म्हणजे दहा फूट उंच भिंत हवी तर ती निदान पंधरा इंच जाड पाहिजे. आपल्या खेड्यापाड्यांतल्या दीड-दोन फुटी मातीच्या भिंती कुठलंही मानक न वाचता याच हिशेबाने उभ्या राहिल्या आहेत. उलट सिमेंटच्या मालात विटा चांगल्या बांधल्या, तर एक-दोन मजली घरात हाच आकडा सत्तावीस पटींपर्यंत जातो. माल बदलला की जाडी बदलते, ती अशी.

आता गगनबावडा, राधानगरीच्या बाजूला जा. तिथे जुन्या घरांतून कारवीच्या काठ्यांचा कूड दिसतो. काठ्या उभ्या बांधायच्या, वर शेणमातीचं लिंपण. जाडी जेमतेम दोन-तीन इंच. हा कूड उभा कसा राहतो? कारण छपराचं ओझं लाकडी मेढींवर असतं. कुडाने फक्त आडोसा करायचा. म्हणजे शिकागोच्या लोखंडी सांगाड्याची युक्ती आपल्या आज्यांच्या झोपडीत आधीपासूनच होती म्हणा ना!

जांभ्याचं आणखी निराळं. कोकणात आणि आपल्या घाटमाथ्याकडे जांभा मुबलक. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. त्याचे चिरे चौकोनी कापता येतात, त्यामुळे भिंत चिऱ्याच्या रुंदीइतकी ठेवली तरी घरगुती बांधकामाला पुरते. काळ्या दगडाच्या डबराचं तसं नाही. त्याला धड कोपरे नसतात, म्हणून भिंत पंधरा-अठरा इंचांखाली नीट बांधताच येत नाही.

शाळेच्या सहलीला मुलांना घेऊन आम्ही पन्हाळ्यावर जातो तेव्हा अंबरखाना दाखवतोच. गंगा, यमुना, सरस्वती अशी तिथल्या धान्याच्या कोठारांची नावं. गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असं सांगतात. उन्हातून आत पाऊल टाकलं की कसं गार वाटतं! मुलांना मी विचारते, "इथे पंखा नाही, एसी नाही, मग गारवा कुठून आला?" उत्तर त्या दगडी भिंतींत आहे. जाड भिंत तापायला वेळ लावते आणि निवायलाही. बाहेरची दुपार आत पोचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते. शिवाय ढिगाने भरलेलं धान्य भिंतीला बाहेरच्या बाजूला रेटत असतं. तो रेटा सोसायलाही वजनदार भिंत हवी. धान्याची कोठी बांधणाऱ्यांनी गारवा आणि रेटा, दोन्हींचा हिशेब एका भिंतीत केला.

आपल्या नऊ इंची विटेच्या भिंतीतून ऊन आत यायला पाच ते सात तास लागतात. म्हणून तर पश्चिमेच्या खोलीत रात्री दहाला भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते. दुपारचं ऊन तेव्हा आत येत असतं!

जाड म्हणजे मजबूत नव्हे

इथेच आपली सगळ्यांची फसगत होते. "पूर्वीच्या भिंती काय दणकट! तोफ लावली तरी पडायच्या नाहीत," असं आपण कौतुकाने म्हणतो. पण ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट आठवा. रात्री गणपती विसर्जन करून लोक घरी येऊन झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि आजूबाजूची गावं जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसं गेली.

तिथली घरं काही पातळ भिंतींची नव्हती. भिंती दोन-अडीच फूट, कुठे त्याहूनही जाड. मग त्या पडल्या कशा? त्या भिंती दिसायला एक असल्या तरी आतून दोन होत्या. बाहेरून एक दगडांचा थर, आतून दुसरा आणि मधल्या पोकळीत दगडगोटे नि माती. दोन्ही थरांना एकत्र धरून ठेवणारे आरपार लांब दगड फारसे कोणी घातलेच नव्हते. जोडायला चिखलमाती. आणि या भिंतींच्या डोक्यावर ऊन लागू नये म्हणून जाड मातीचं माळवद. जमीन हलल्याबरोबर दोन थर एकमेकांपासून सुटले, एक आत पडला, एक बाहेर आणि माळवदाची माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. जाड भिंत म्हणजे जास्त वजन; आणि भूकंपात जेवढं वजन जास्त तेवढा हिसका जास्त.

दगडी घरांसाठी भूकंपाचं जे मानक आहे त्यात म्हणूनच सांगितलं आहे की भिंत ४५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे दीड फुटापेक्षा जाड नसावी. ऐकून नवल वाटेल, पण इथे "कमीत कमी"ऐवजी "जास्तीत जास्त" जाडी सांगितली आहे! आणि भिंतीत दर चार फुटांवर एक, उंचीत दर दोन फुटांवर एक, असा आरपार जाणारा दगड किंवा त्याऐवजी सळई घातलेला काँक्रीटचा तुकडा बसवायचा. दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून साऱ्या भिंतींना कमरपट्ट्यासारखा सलग काँक्रीटचा पट्टा घ्यायचा, तोही महत्त्वाचा. पदर कमरेला खोचला म्हणजे साडी जशी जागेवर राहते, तसा हा पट्टा चारी भिंतींना एकत्र धरतो.

हे सगळं मराठवाड्याचं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, तेव्हा कोल्हापूरही हललं होतं. माझ्या सासूबाई तेव्हा लहान होत्या. पण फडताळातली भांडी एकामागून एक कशी खाली आली ते त्या अजून सांगतात.

आमच्याकडे काम करणारे गवंडी मामा हीच गोष्ट त्यांच्या भाषेत सांगतात. "वैनी, भिंत जाड असून काय उपेग? जाड मानूस बघा, जरा धक्का लागला की बसतंय खाली. भिंत गुतलेली पायजे." गुंतलेली, हाच खरा शब्द. वीट विटेत गुंतली पाहिजे, कोपऱ्यावर भिंत भिंतीत गुंतली पाहिजे.

विटांचा हिशेब

गवंड्याच्या बोलण्यात साडेचार इंची, नऊ इंची आणि चौदा इंची असे तीन शब्द नेहमी येतात. हे आकडे विटेवरूनच पडले आहेत. वीट साधारण नऊ इंच लांब आणि साडेचार इंच रुंद धरतात. ती लांबीच्या अंगाने एकामागे एक लावली की अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंची भिंत. बोलताना तिलाच "चार इंची" म्हणतात. एका विटेची नऊ इंची आणि दीड विटेची तेरा-चौदा इंची. वर गिलावा चढला की आणखी सव्वा इंच वाढतो, तो निराळा.

कुठे कुठली घ्यायची? पिलर नसलेलं, भिंतींवर उभं राहणारं एक मजली घर असेल, तर भार वाहणारी भिंत नऊ इंचांहून कमी नको. दोन-तीन मजली घर भिंतींवरच उभं करायचं असेल, तर खालच्या मजल्याला दीड विटेची भिंत हवी. आत खोली पाडायला किंवा न्हाणीघराचा आडोसा करायला साडेचार इंची चालते. मात्र तिच्यात दर तीनेक फुटांवर दोन सळ्यांचा पातळ काँक्रीटचा पट्टा घालून घ्यावा. हा पट्टा वाचवू पाहणारा कंत्राटदार भेटला तर त्याला निक्षून सांगा. कडेच्या भिंतींशी न गुंतलेली, पट्टा नसलेली साडेचार इंची भिंत म्हणजे टेबलावर उभं ठेवलेलं पुस्तक.

जाडीची किंमत दोन जागी मोजावी लागते. एक जागेत. समजा, बाहेरून बारा फूट बाय बारा फूट अशी खोली बांधली. बाहेरचं माप १४४ चौरस फूट. भिंती नऊ इंची असतील तर आत सुमारे ११० चौरस फूट उरतात. दीड फुटी असतील तर ८१. आणि दोन फुटी असतील तर अवघे ६४! निम्म्याहून जास्त जागा भिंतींनी खाल्ली. आमच्या शाळेतल्या मुलींना मी हे गणित घातलं, तर एकीने विचारलं, "बाई, मग पूर्वी लोक राहायचे कुठे?" उत्तर असं, की पूर्वी जागा स्वस्त होती नि सिमेंट नव्हतं. आता नेमकं उलट झालंय.

दुसरी किंमत वजनात. दहा फूट लांब, दहा फूट उंच अशी नऊ इंची विटेची भिंत जवळजवळ चार टन भरते. साडेचार इंची दोन टन. म्हणूनच "वरच्या मजल्यावर एक खोली पाडून घेऊ, नुसती भिंतच तर आहे," असं कोणी म्हटलं तर सावध व्हा. खाली बीम नसताना स्लॅबच्या मधोमध दोन टनांची भिंत ठेवणं म्हणजे चटईवर मध्येच बैलगाडी उभी करणं.

हलके ब्लॉक

हल्ली राखाडी-पांढुरके, हलके ब्लॉक सर्रास दिसतात. कुठल्याही कंपनीचे असले तरी गवंडी त्यांना सरसकट सिपोरेक्स म्हणतात. आत हवेचे बारीक बुडबुडे असल्याने ते हलके. वर सांगितलेली दहा बाय दहाची भिंत सहा इंची हलक्या ब्लॉकची केली तर गिलाव्याआधी एक टनाच्या आतच भरते. उष्णताही कमी आत येते. बाहेरून सहा किंवा आठ इंची आणि आतून चार इंची, असा साधारण प्रघात आहे.

पण त्यांचेही नखरे आहेत. साधा खिळा त्यांत पकड घेत नाही. मांडणी, गिझर, कपाट टांगायचं तर त्यासाठीच मिळणारे खास प्लग आणि स्क्रू घ्यावे लागतात. शिवाय हे ब्लॉक पाणी पितात. बाहेरचा गिलावा निकृष्ट असेल तर ओल आली म्हणून समजा. आणि पिलर-बीमच्या सांगाड्यात भरायला ते उत्तम असले, तरी जुन्या घराच्या भिंतीची जागा त्यांना द्यायची असेल तर इंजिनियरला विचारल्याशिवाय नको.

आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण या बाजूंना तो झोडपतो. घराच्या या दोन बाजूंना बाहेरची भिंत साडेचार इंची कधीही ठेवू नका. पैसे वाचवायचेच असतील तर ते दुसरीकडे वाचवा. नऊ इंची भिंत, बाहेरून दोन हातांचा गिलावा आणि खिडकीवर पुरेसं छज्जं, एवढं केलं की श्रावणात भिंतीवर नकाशे उमटत नाहीत.

मुलं अभ्यासाची असतील तर आणखी एक लक्षात ठेवा. आवाज अडवायला वजन लागतं. टीव्हीची खोली आणि दहावीतल्या मुलीची खोली यांच्यामध्ये जमलं तर नऊ इंची भिंत घ्या, नाहीतर ती बिचारी प्रमेयाऐवजी मालिकेतले संवाद पाठ करील!

पाणी आणि भिंत

कोल्हापूरकरांना भिंतीची खरी परीक्षा दाखवली ती पंचगंगेने. राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं.

पाण्याचा स्वभाव असा, की खोली दुप्पट झाली की भिंतीवरचा एकूण रेटा चौपट होतो. भिंतीच्या एका बाजूला दोन फूट पाणी असेल तर लांबीच्या प्रत्येक फुटाला सत्तावन्न किलोच्या आसपास रेटा पडतो. तेच चार फूट झालं की सव्वादोनशे किलोंच्या वर. धरणाची भिंत वर निमुळती आणि तळाशी रुंद असते, ती यामुळेच. शाहू महाराजांनी राधानगरीला सुरू केलेलं धरण पाहायला गेलात तर हे ध्यानात ठेवून पाहा. घराची भिंत मात्र धरणासारखी बांधता येत नाही. घरात पाणी शिरलं की आत-बाहेर पातळी सारखी होते आणि रेटा संपतो. त्यामुळे पक्कं घर बहुधा तरतं. मातीच्या घराचं दुखणं वेगळं. पाणी असेपर्यंत भिंत उभी असते आणि ओसरल्यावर बसते! पायाकडची माती भिजून लोण्यासारखी होते, वरचं ओझं तेवढंच राहतं.

आमच्या सासरच्या गावी हेच झालं. २०१९ चा पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी मातीच्या घराची मागची भिंत सकाळी सातच्या सुमाराला बसली. स्वयंपाकघराचीच भिंत ती. त्या वेळी सासूबाई रोज चुलीपुढे असायच्या. गावातल्या शाळेत निवाऱ्याची सोय होती आणि "घर वाळल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही," असं भाऊजींनी बजावलं होतं, म्हणून त्या वाचल्या. त्या मात्र हट्टाला पेटल्या होत्या. "दोन फुटी भिंत हाय, तिला काय हुतंय?" त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही. साठ वर्षं त्या भिंतीने ऊन-पाऊस सोसला होता. पण त्या भिंतीला पाण्यात उभं राहायला कोणी बांधलंच नव्हतं.

पुढे घर नव्याने बांधायचं ठरलं तेव्हा पुन्हा दोन तट पडले. सासूबाईंना तीच जाड भिंत हवी, भाऊजींना स्वस्तात पडावी म्हणून साडेचार इंची. शेवटी इंजिनियरने सांगितलेलं सर्वांनी मान्य केलं. जोतं होईल तेवढं उंच, भिंत नऊ इंची पक्क्या विटेची सिमेंटमध्ये आणि जोत्यावर एक, दारांच्या माथ्यावर एक असे दोन सलग पट्टे. २०२१ ला पाणी पुन्हा आलं, ओटीवर चढलं नि उतरलं. भिंतींना काही झालं नाही. उन्हाळ्यात नवं घर जुन्यापेक्षा तापतं, ही सासूबाईंची तक्रार मात्र खरी आहे आणि ती मी खोडून काढत नाही.

ज्यांच्या घरात पुराचं पाणी आलं त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. मातीची किंवा दगड-मातीची भिंत वाळेपर्यंत त्या घरात झोपू नये. भिंतीला पोट सुटलं आहे का, कोपऱ्यात उभी चीर गेली आहे का, दार अचानक घासायला लागलं का, हे बाहेरून पाहावं. दोरीला दगड बांधून केलेला ओळंबा सोडला तरी भिंत कललेली कळते. आणि भिंत आतून ओली असताना घाईघाईने सिमेंटचा गिलावा करू नये. ओल आत कोंडते.

कंपाउंडची भिंत

घराच्या भिंतीची काळजी घेणारेही कंपाउंडच्या भिंतीकडे दुर्लक्ष करतात. "तिच्यावर कुठे छप्पर आहे?" असं म्हणून साडेचार इंची भिंत सहा फूट वर नेतात. पण डोक्यावर ओझं नाही आणि वरून कोणी धरलेलं नाही, म्हणूनच ती लवकर ढळते. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्याला कंपाउंडची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून पंधरा माणसं गेली. पाठोपाठ २ जुलैला मुंबईत मालाडला अशीच भिंत पडून पंचवीसहून जास्त लोक मेले. दोन्हीकडे मुसळधार पाऊस होता.

कंपाउंडच्या भिंतीला पाया हवा आणि आठ-दहा फुटांवर पिलर हवेत. पाणी निघून जायला तळाशी भोकं हवीत, आणि ती बुजली नाहीत ना, हे दर मृग नक्षत्राआधी पाहायला हवं. तिच्या अंगाला माती, वाळू, विटांचा ढीग लावू नये. पलीकडची जमीन आपल्यापेक्षा उंच असेल तर ती नुसती कंपाउंडची भिंत राहत नाही, मातीचा भार अडवणारी भिंत होते. तिचं काम गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. आणि मुलांना पावसात अशा भिंतीच्या आडोशाला उभं राहू देऊ नका. एवढं तर आपल्या हातात आहे.

भिंत पाडण्याआधी

"स्वयंपाकघर आणि हॉल एक करून टाकू, ऐसपैस होईल." हल्ली ही हौस घरोघर आहे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने जुन्या दोन मजली घरात हा घाट घातला. काम घेणारा म्हणाला, "काही होत नाही, दोन तासांत पाडतो." नशिबाने त्या बाईंनी हट्ट धरून आधी इंजिनियरला बोलावलं. वरच्या मजल्याच्या सगळ्या तुळया त्याच भिंतीवर टेकलेल्या निघाल्या! म्हणून जुन्या घरातली नऊ इंची किंवा जास्त जाडीची भिंत ही भार वाहणारी आहे असंच आधी धरून चाला. नाही असं जाणकाराने लिहून दिलं, तरच हात लावा. अपार्टमेंटमध्ये भिंत बारीक असली तरी पिलर-बीमला धक्का लागता कामा नये आणि सोसायटीला विचारायलाच हवं.

नळ आणि वायर लपवायला भिंतीत चर खणतात, तिथेही माप आहे. उभा चर जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवा एक षष्ठांशापेक्षा नको. म्हणजे नऊ इंची भिंतीत उभा चर तीन इंच, आडवा दीड इंच. साडेचार इंचीत आडवा चर पाऊण इंचाच्या वर गेला की भिंत कमरेत मोडलीच. आणि दोन्ही बाजूंनी समोरासमोर चर किंवा कोनाडे तर कधीच नकोत.

फ्लॅट घेताना

फ्लॅट घेणाऱ्यांनाही भिंतीची जाडी विचारण्यात फायदा आहे. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे कार्पेट एरियात बाहेरच्या भिंतींची जागा धरत नाहीत, पण घरातल्या आतल्या भिंतींची जागा मात्र धरतात. म्हणजे आतल्या भिंती जितक्या जाड, तितकी आपण पैसे मोजून घेतलेली जागा विटांखाली जाते. खोल्या प्रत्यक्ष टेपने मोजून घ्यायला लाजू नका. पलंग आणि कपाट बसेल की नाही हे टेपच सांगतो, माहितीपत्रक नव्हे.

विचारून घ्या

शेवटी, घराचं काम काढताना कंत्राटदारासमोर हे प्रश्न ठेवा. कागदावर लिहूनच ठेवा, म्हणजे चहाच्या गडबडीत विसरायला नको.

१) यातल्या भार वाहणाऱ्या भिंती कुठल्या आणि नुसत्या आडोशाच्या कुठल्या? नकाशावर खूण करून द्या.

२) बाहेरची भिंत किती इंची? पश्चिम आणि दक्षिणेला काय घेतलं आहे?

३) साडेचार इंची भिंतीत काँक्रीटचे पट्टे किती उंचीवर?

४) दार-खिडक्यांच्या माथ्यावरचा पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरतो का?

५) मांडणी, गिझर, झोपाळा कुठे टांगणार हे मी आज सांगते, तिथे भिंत तशी ठेवाल ना?

६) कंपाउंडला पिलर आणि पाणी जायची भोकं आहेत ना?

हे प्रश्न बाईने विचारले की सुरुवातीला सगळे एकमेकांकडे बघतात. बघू देत. भिंत एकदा उभी राहिली की पन्नास-साठ वर्षं आपण तिच्या आधाराने संसार करतो. तेवढ्यासाठी दोन दिवस चौकशी केली, तर बिघडलं कुठे?